दोन चाकांमधला दुवा: स्टॅबिलायझर लिंकची शंभर वर्षांची गोष्ट

आज गाडीतल्या अशा एका पार्टबद्दल बोलायचंय, जो तुमच्यापैकी बहुतेकांनी कधी बघितला नसेल, पण ऐकला मात्र नक्की असेल. खराब रस्त्यावर, गाडी हळू चालवताना, पुढच्या चाकापाशी ‘खट-खट, खट-खट’ असा आवाज येतो ना? गॅरेजवाले काका खाली वाकतात, एक दांडा हाताने हलवून बघतात आणि म्हणतात, "लिंक रॉड गेलाय." आपण मान डोलावतो, पैसे देतो आणि विसरून जातो.

हाच आपला आजचा हिरो. कॅटलॉगमधलं नाव स्टॅबिलायझर लिंक. वीत-दीड वीत लांबीचा दांडा आणि बहुतेक वेळा दोन्ही टोकांना एकेक बॉल जॉइंट. बस्स, एवढंच. पण ज्यांनी गाडी ‘लोअर’ केलीय, म्हणजे जमिनीकडे खाली बसवलीय, त्यांच्यासाठी या दांड्याचा एक थोरला भाऊ बाजारात मिळतो. तो लांब-आखूड करता येतो. अ‍ॅडजस्टेबल स्टॅबिलायझर लिंक. इन्स्टाच्या रील्समध्ये लाल-निळ्या रंगाचा तुम्ही पाहिला असेल. "हा लावा, हँडलिंग जबरदस्त होईल" असं खाली लिहिलेलं असतं.

खरंच होतं का? याचं उत्तर हवं असेल तर थोडं मागे जावं लागेल. थोडं म्हणजे शंभरपेक्षा जास्त वर्षं. कारण या छोट्याशा दुव्याच्या इतिहासात एक कॅनडियन संशोधक आहे, अमेरिकेतलं एक गाजलेलं भांडण आहे, लॉस एंजेलिसची बंडखोर पोरं आहेत आणि हरणामुळे अडचणीत आलेली एक मर्सिडीजसुद्धा आहे.

आधी काम समजून घेऊ

इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराचा एक स्प्रिंग स्टीलचा बार डोळ्यांसमोर आणा. त्याचा मधला लांब भाग गाडीच्या खाली आडवा, रबरी बुशमध्ये बसवलेला. दोन्ही टोकं वळून चाकांकडे गेलेली. हा झाला स्टॅबिलायझर बार, यालाच अँटी-रोल बारही म्हणतात. आणि बारचं प्रत्येक टोक त्या त्या चाकाच्या सस्पेन्शनला ज्या दांड्याने जोडतात, ती आपली लिंक.

आता गंमत बघा. सरळ आडव्या स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम वर गेली, तर हा बार नुसता बुशमध्ये फिरतो. काहीच विरोध करत नाही. पण गाडी वळणावर एका बाजूला झुकली, म्हणजे बाहेरचं चाक गाडीच्या तुलनेत वर आणि आतलं खाली गेलं, की बारला पीळ बसतो. धुतलेली चादर दोघं दोन टोकांनी पिळतात ना, तसा. स्टीलला तो पीळ आवडत नाही, ते उलटा जोर लावतं आणि गाडीचं झुकणं कमी होतं.

म्हणजे हा बार एका चाकाची खबर दुसऱ्या चाकाला देतो. आणि खबर पोचवणारा निरोप्या म्हणजे लिंक. आमच्या भाषेत सांगायचं तर दोन सर्व्हिसेसमधला कनेक्शन लेयर. तो तुटला की दोन्ही बाजू आपापल्या परीने चालू राहतात, पण एकमेकांशी बोलत नाहीत.

अजून एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. बारची जाडी किंचित वाढवली तरी ताकद खूप वाढते. भरीव गोल बारचा पिळाला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. २० मिलिमीटरचा बार काढून २२ मिलिमीटरचा लावला, तर जाडी फक्त १० टक्के वाढली, पण ताकद साधारण ४६ टक्के. म्हणून इथे ‘थोडंसंच तर बदललंय’ हे वाक्य चालत नाही.

१९१९: गरज नसताना लागलेला शोध

अशा बारचं पहिलं पेटंट मिळालं २२ एप्रिल १९१९ रोजी. माणसाचं नाव स्टीफन कोलमन, गाव फ्रेडरिक्टन, कॅनडातला न्यू ब्रन्सविक प्रांत. पण कोलमनच्या काळात बहुतेक गाड्यांना त्याची गरजच नव्हती. तेव्हाच्या मोटारी म्हणजे जवळजवळ बैलगाडीला इंजिन. जाड पट्ट्यांच्या कडक स्प्रिंगा आणि दोन चाकांमध्ये एक अखंड अ‍ॅक्सल. हाडं खिळखिळी व्हायची, पण गाडी फारशी झुकायची नाही. आणि झुकली तरी लोक म्हणायचे, गाडी आहे, झुकणारच!

मग १९३० च्या दशकात आरामाची शर्यत सुरू झाली. मॉरिस ऑली नावाचा ब्रिटिश इंजिनियर रोल्स-रॉइसमधून अमेरिकेत जनरल मोटर्सकडे आला. पुढची दोन चाकं एकमेकांपासून सुटी केली, प्रत्येकाला स्वतःची मऊ स्प्रिंग दिली, तर प्रवास किती सुखाचा होईल, यावर त्याने खूप काम केलं. १९३४ पासून जनरल मोटर्सच्या गाड्यांमध्ये असं सुटं सस्पेन्शन आलं.

पण आराम काही फुकट मिळत नाही. स्प्रिंग मऊ झाली की गाडी वळणावर जहाजासारखी कलायला लागते. कडक स्प्रिंग लावली तर आराम गेला, मऊ ठेवली तर तोल गेला. या कोंडीवर उपाय काय? तर सरळ जाताना गप्प बसणारा आणि फक्त वळणावर जागा होणारा एक बार! कोलमनची कल्पना आता कामाला आली. दुसऱ्या महायुद्धानंतर, विशेषतः १९५० च्या दशकापासून, स्टॅबिलायझर बार रोजच्या गाड्यांमध्ये सर्रास दिसू लागला.

त्याच सुमारास अर्ल मॅकफर्सन या इंजिनियरने स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकाच उभ्या खांबात बसवण्याची रचना पुढे आणली. हाच मॅकफर्सन स्ट्रट. त्याने तो आधी शेवरोलेच्या एका छोट्या गाडीसाठी योजला होता. तो प्रकल्प १९४७ मध्ये गुंडाळला गेला आणि मॅकफर्सन फोर्डकडे गेला. १९५० मध्ये ब्रिटनच्या फोर्डने कॉन्सल आणि झेफिर या गाड्या दाखवल्या, त्यात ही रचना होती. त्यात अँटी-रोल बारकडून दोन कामं करून घेतली होती. तो गाडीचं झुकणंही रोखायचा आणि चाकाला पुढे-मागे सरकू न देणारा हातही तोच होता.

आता तुम्हाला वाटेल, ब्रिटनच्या जुन्या फोर्डशी आपला काय संबंध? संबंध आहे. मारुती ८०० आणि अल्टोच्या माहितीपत्रकात पुढच्या सस्पेन्शनसमोर ‘टॉर्शन टाइप रोल कंट्रोल डिव्हाइस’ असं भारदस्त काहीतरी छापलेलं असायचं. ते म्हणजे हाच बार, हीच दुहेरी ड्युटी. अशा रचनेत बारचं टोक थेट खालच्या आर्ममध्ये जातं, मध्ये वेगळी लिंक नसतेच. त्यामुळे कोणी तुम्हाला जुन्या अल्टोसाठी अ‍ॅडजस्टेबल लिंक विकायला आलं, तर आधी त्याला चहा पाजा आणि मग गाडीखाली बघायला सांगा.

कॉर्वेअर: बार नसला तर काय?

आता आपल्या गोष्टीतला सगळ्यात गंभीर भाग. १९५९ च्या अखेरीस शेवरोलेने १९६० सालचं मॉडेल म्हणून कॉर्वेअर बाजारात आणली. अमेरिकेसाठी ही वेगळीच गाडी होती. हवेने थंड होणारं इंजिन, तेही मागे. मागचं सस्पेन्शन ‘स्विंग अ‍ॅक्सल’ प्रकारचं. म्हणजे प्रत्येक अ‍ॅक्सल फक्त आतल्या टोकाशी, गिअरबॉक्सजवळ, बिजागरीसारखा हलायचा. जोरात वळताना गाडीचा मागचा भाग उचलला जाई आणि बाहेरचं चाक आतल्या बाजूला दुमडल्यासारखं होई. तसं झालं की पकड सुटायची आणि मागचा भाग फिरायचा.

इथे पुढे लावलेला स्टॅबिलायझर बार काय करतो? तो पुढच्या टायरांवर वळणाचा जास्त भार घेतो. एखाद्या टायरवर दुप्पट भार आला म्हणून त्याची पकड दुप्पट होत नाही, त्यापेक्षा कमीच वाढते. त्यामुळे पुढची बाजू आधी घसरू लागते. चालकाला कळतं, तो वेग कमी करतो. मागचं अचानक सुटण्यापेक्षा पुढचं हळूहळू सुटणं सामान्य चालकासाठी कधीही बरं.

पण १९६० च्या कॉर्वेअरमध्ये हा पुढचा बार दिलेला नव्हता. कंपनीने तोल सांभाळायला वेगळाच उपाय सांगितला, टायरमधली हवा. पुढे १५ पीएसआय आणि मागे २६. आपण पंपावर चारही टायरना ‘३२ टाक’ म्हणून मोकळे होतो ना? अमेरिकेतली माणसंही आपल्यासारखीच. पुढे-मागे इतकी वेगळी हवा ठेवायची, हे किती जण पाळणार? म्हणजे एका लोखंडी बारचं काम पुस्तिकेतल्या एका ओळीवर सोपवलं होतं. ज्यांनी कधी प्रोडक्शन सिस्टिम सांभाळलीय त्यांना ही भीती लगेच कळेल. सुरक्षितता कोडमध्ये न लिहिता ‘युजरने काळजी घ्यावी’ असं डॉक्युमेंटमध्ये लिहून ठेवणं!

१९६५ मध्ये राल्फ नेडर या तरुण वकिलाचं ‘अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड’ हे पुस्तक आलं. त्याचं पहिलंच प्रकरण कॉर्वेअरवर. नेडरचं म्हणणं, सुधारणा माहीत असूनही खर्चापायी टाळल्या. तोवर शेवरोलेने गाडी बदललीही होती. १९६४ च्या मॉडेलमध्ये पुढे अँटी-रोल बार आणि मागे आडवी पट्ट्यांची स्प्रिंग आली आणि १९६५ मध्ये मागचं सस्पेन्शनच नवं दिलं. पण आधीच्या चार वर्षांच्या गाड्या रस्त्यावर होत्याच.

पुढचं प्रकरण तर वेब सिरीजला शोभेल असं. जनरल मोटर्सने नेडरच्या मागे खासगी गुप्तहेर लावल्याचं उघड झालं. मार्च १९६६ मध्ये कंपनीचे अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटच्या समितीसमोर जाहीर माफी मागावी लागली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेत वाहन सुरक्षेचा राष्ट्रीय कायदा झाला.

पण गोष्ट इथेच संपवली तर ती अर्धवट होईल. १९७२ मध्ये अमेरिकी सरकारच्या रस्ते सुरक्षा विभागाने चाचण्यांचे निष्कर्ष जाहीर केले. त्यांच्या मते १९६० ते ६३ ची कॉर्वेअर त्या काळातल्या तिच्यासारख्या इतर गाड्यांपेक्षा उलटण्याच्या बाबतीत जास्त धोकादायक नव्हती. तोवर गाडीचं उत्पादन बंद होऊन तीन वर्षं झाली होती. नेडर बरोबर की कंपनी, यावर शौकीन लोक आजही भांडतात. माझ्या मते दोन्ही खरं असू शकतं. गाडी इतरांइतकीच ‘ठीक’ असेलही. पण तेव्हा ‘ठीक’ची पातळीच खाली होती आणि ती वर नेण्याचा एक स्वस्त मार्ग इंजिनियरांना ठाऊक होता.

खाली बसलेल्या गाड्यांचे दोन वंश

आता गाडी खाली बसवण्याकडे येऊ. याचे इतिहासात दोन वेगळे वंश आहेत आणि आपल्याकडे सगळा घोळ या दोघांना एक समजण्यातून होतो.

पहिला वंश लॉस एंजेलिसचा. युद्धानंतर तिथल्या मेक्सिकन-अमेरिकन तरुणांनी जुन्या गाड्या घेतल्या, डिकीत वाळूची पोती टाकून किंवा स्प्रिंगा कापून त्या जमिनीला टेकवल्या आणि बायकोपोरांना घेऊन, गाणी लावून, संथपणे मिरवल्या. हे झाले लोरायडर. गोऱ्या पोरांच्या गाड्या सुसाट, तर आमच्या डौलदार, असा तो ठसका होता. १९५८ पासून कॅलिफोर्नियात कायदा आला, की गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या तळापेक्षा खाली असता कामा नये. मग रॉन अ‍ॅगिरे या पठ्ठ्याने १९५९ मध्ये आपल्या कॉर्व्हेटला हायड्रॉलिक यंत्रणा बसवली. पोलीस दिसले की गाडी वर, पोलीस गेले की खाली! कॅलिफोर्नियाने ही बंदी काढली ती थेट २०२३ मध्ये केलेल्या कायद्याने. म्हणजे ६५ वर्षांनी. इथे गाडी खाली बसवणं ही ओळख होती, अभिमान होता. वळणावर ती कशी चालते हा प्रश्नच नव्हता.

दुसरा वंश रेसिंगचा. इथे गाडी खाली आणायची ती गुरुत्वमध्य खाली यावा म्हणून. या लोकांना दिसण्याशी देणंघेणं नव्हतं, घड्याळाशी होतं. यातलं मला सगळ्यात आवडणारं नाव मार्क डोनाह्यू. ब्राउन विद्यापीठातून १९५९ मध्ये इंजिनियर झालेला हा ड्रायव्हर रॉजर पेन्स्केच्या संघासाठी चालवायचा. १९७२ ची इंडियानापोलिस ५०० त्याने जिंकली. त्याची पद्धत काय? मोकळ्या जागेत एक मोठं वर्तुळ आखायचं, त्यावर गाडी गोल गोल फिरवायची, पकड किती मिळते ते मोजायचं, मग सस्पेन्शनमधली एकच गोष्ट बदलायची आणि पुन्हा फिरवायची. एका वेळी एकच बदल. माझ्यासारख्या डीबग करणाऱ्या माणसाला हे ऐकूनच भरून येतं.

रेसिंगच्या या जगात बार ‘अ‍ॅडजस्ट’ करण्याचे दोन मार्ग रुळले आणि इथेच रील्सवाले गडबड करतात. पहिला मार्ग बारची ताकद बदलण्याचा. बारच्या टोकाला ओळीने दोन-तीन भोकं ठेवतात. लिंक आतल्या भोकात लावली की बारचा हात आखूड होतो आणि बार कडक वागतो. बाहेरच्या भोकात लावली की मऊ. इंडीकारच्या रेसमध्ये तर ड्रायव्हर बसल्या जागेवरून, गाडी पळत असताना, पुढचा-मागचा बार कडक-मऊ करतो.

दुसरा मार्ग लिंकची लांबी बदलण्याचा. लांबी बदलून बार कडक होत नाही! तो फक्त आपल्या योग्य जागी येतो. जसं तराजूवर काही ठेवण्याआधी काटा शून्यावर आणतात, तसं. तराजूची क्षमता त्याने वाढत नाही, वजन खरं दाखवलं जातं.

लोअर केल्यावर नेमकं काय बिघडतं?

समजा गाडी ४ सेंटिमीटर खाली बसवली. म्हणजे गाडीच्या बॉडीच्या तुलनेत चाकं ४ सेंटिमीटर वर गेली. लिंक चाकाच्या सस्पेन्शनला जोडलेली, म्हणून बारची टोकंही जवळपास तेवढीच वर ओढली गेली. बारचा हात २० सेंटिमीटरचा धरला, तर तो साधारण साडेअकरा अंशांनी कलला. एवढ्याने बारच्या ताकदीत फार फरक पडत नाही. पण बार आता कंपनीने ठरवलेल्या जागी नाही. तो शेजारच्या आर्मवर किंवा ड्राइव्ह शाफ्टवर घासू शकतो. लिंक तिरकी होते, बॉल जॉइंट त्याच्या हालचालीच्या शेवटाला जाऊन पोचतो आणि लवकर मरतो. तीच ती खट-खट.

मग लिंक आखूड करायची की लांब? सरसकट उत्तर नाही. लिंक बारच्या टोकापासून खाली, लोअर आर्मकडे जात असेल तर बारला मूळ जागी आणायला ती आखूड हवी. लिंक वर स्ट्रटकडे जात असेल तर लांब हवी. आणि नवीन स्ट्रटवर लिंकचा ब्रॅकेट वेगळ्याच उंचीवर असेल तर पुन्हा मोजायचं. ‘लोअर केलं म्हणजे आखूड लिंक’ हा फॉरवर्डेड मेसेज आहे, नियम नाही.

अजून एक गैरसमज. गाडी खाली आणली की बारमध्ये आपोआप पीळ बसतो, असं बरेच जण सांगतात. दोन्ही बाजू सारख्याच खाली आल्या तर बार नुसता फिरतो, पिळत नाही. पीळ बसतो तो डाव्या-उजव्यात फरक असेल तेव्हा.

याचं जिवंत उदाहरण माझ्या घरात आहे. माझ्या मामेभावाने त्याच्या हॅचबॅकच्या पुढच्या स्प्रिंगा कापून घेतल्या. पुणे-साताऱ्याच्या फेऱ्या करणारा मुलगा. म्हणाला, "दादा, उजवीकडे वळताना गाडी ऐकते, डावीकडे भांडते." खंबाटकीच्या उतारावरची वळणं ज्यांनी पाहिलीत, त्यांना या वाक्यातला धोका कळेल. तिथे गाडीने भांडून चालत नाही.

एका वयस्कर मेकॅनिक काकांनी गाडी सपाट सिमेंटवर घेतली आणि टेपने चाकाच्या कमानीची उंची मोजली. डावी बाजू १२ मिलिमीटर खाली. मग गाडी तशीच चाकांवर उभी असताना एका बाजूच्या लिंकचा नट काढला. लिंक भोकातून टुणकन बाजूला सरकली. म्हणजे गाडी उभी असतानाही बार पिळलेला होता. काका शांतपणे म्हणाले, "नवी लिंक टाकून आवाज जाईल पोरा, वाकडेपणा नाही जायचा."

बार आधीच एका दिशेने पिळलेला असला की तो समोरासमोरच्या कोपऱ्यांवर कमी-जास्त भार टाकतो आणि गाडीचा डाव्या-उजव्या वळणावरचा स्वभाव वेगळा होतो. गोल ट्रॅकवर फक्त डावीकडे वळणाऱ्या रेसमध्ये हे मुद्दाम करतात. घाटात मात्र दोन्हीकडे वळावं लागतं!

अ‍ॅडजस्टेबल लिंकचं खरं काम इथे आहे. तिच्या एका टोकाला उजवे आटे, दुसऱ्याला डावे. मधला भाग पान्याने फिरवला की लिंक लांब किंवा आखूड होते. गाडी सपाट जागी, चारही चाकांवर उभी, ड्रायव्हरच्या सीटवर ड्रायव्हरइतकं वजन. एक बाजू जोडायची आणि दुसऱ्या बाजूची लांबी अशी जुळवायची की बोल्ट हाताने, जोर न लावता आत जाईल. मग चेक नट घट्ट. एक चाक जॅकवर लटकत ठेवून हे जुळवलं, तर सगळी मेहनत पाण्यात.

आणि काकांचं दुसरं वाक्य जास्त महत्त्वाचं होतं. लिंक जुळवून बारमधला पीळ गेला असता, पण कापलेल्या असमान स्प्रिंगा तशाच राहिल्या असत्या. मामेभावाने शेवटी मूळ स्प्रिंगा परत बसवल्या.

लिंक स्वतःच लांबी बदलायला लागली तर?

ही कल्पना फ्रान्समध्ये सिट्रोएनने १९९० च्या दशकात खरी केली. त्यांच्या झँटिया अ‍ॅक्टिव्हा गाडीत पुढच्या आणि मागच्या बारची एकेक साधी लिंक काढून तिथे हायड्रॉलिक सिलिंडर बसवला होता. गाडी झुकायला लागली की सिलिंडर लांब-आखूड होऊन बारला उलटा पीळ द्यायचा. गाडी वळणावर जवळजवळ सपाट राहायची.

आणि आता ते हरीण. स्वीडनच्या ‘टेक्निकेन्स व्हॅर्ल्ड’ या मासिकाची एक प्रसिद्ध चाचणी आहे. रस्त्यावर अचानक एल्क, म्हणजे तिकडचं प्रचंड हरीण आलं, तर गाडी झटकन बाजूला घेऊन परत आपल्या लेनमध्ये आणता येते का? ऑक्टोबर १९९७ मध्ये या चाचणीत नवीकोरी मर्सिडीज ए-क्लास उलटली. कंपनीने विक्री थांबवली, सस्पेन्शनमध्ये बदल केले आणि ईएसपी ही इलेक्ट्रॉनिक सुरक्षा यंत्रणा सगळ्या ए-क्लासमध्ये दिली. त्याच चाचणीत १९९९ मध्ये झँटिया अ‍ॅक्टिव्हा ताशी ८५ किलोमीटर वेगाने सुखरूप पार झाली आणि तो आकडा पुढे कित्येक वर्षं भल्याभल्या स्पोर्ट्स गाड्यांना गाठता आला नाही. एक साधी फॅमिली गाडी! पुढे ऑडी एसक्यू७ आणि बेंटली बेंटेगासारख्या गाड्यांमध्ये हेच काम ४८ व्होल्टची इलेक्ट्रिक मोटर करू लागली.

मग घ्यायची का?

आता आपल्या रस्त्यांवर येऊ. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, छान गोलसर हवा. तुमच्या गल्लीतला तसा आहे का, ते तुम्हीच बघा. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ सांगताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये बजावलंय, की कंपनीच्या मूळ तपशिलांशी न जुळणारे बदल गाडीत करता येणार नाहीत. तेव्हा गाडी खाली बसवण्याआधी आरटीओ आणि विमा, दोन्हीकडे विचारा.

आणि तरीही मनात असेल, तर स्वतःला तीन प्रश्न विचारा. माझ्या गाडीला वेगळी लिंक आहे का? गाडी दोन्ही बाजूंनी सारखी खाली बसलीय का, टेप लावून बघितलंय का? आणि लिंक जुळवताना गाडी चाकांवर उभी असणार आहे का? तिन्हीची उत्तरं ‘हो’ असतील तरच ती लाल-निळी लिंक तिचं काम करेल. नाहीतर तो फक्त गाडीखाली लपवलेला दागिना.

शंभर वर्षांत या पार्टने एकच गोष्ट पुन्हा पुन्हा शिकवली. स्प्रिंगा मऊ केल्या, इंजिन मागे नेलं, गाडी खाली बसवली. माणसाने काहीही बदललं की दोन चाकांमधलं नातं नव्याने जुळवावं लागलं. ज्यांनी ते जुळवलं त्यांनी रेस जिंकल्या. ज्यांनी ते हवेच्या आकड्यावर सोडलं त्यांना सिनेटसमोर उभं राहावं लागलं. आपल्याला ना रेस जिंकायचीय ना सिनेटमध्ये जायचंय. आपल्याला घाट उतरून रात्री जेवायच्या वेळेला घरी पोचायचंय.

तेव्हा पुढच्या वेळी गॅरेजमध्ये "लिंक रॉड गेलाय" असं कानावर आलं, तर पैसे देण्याआधी एकदा खाली वाकून बघाच. आणि तुमच्या गाडीची डावी-उजवी उंची मोजलीत तर किती फरक निघाला, ते मला मेसेज करून कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत दोन्हीकडे नीट वळत राहा!